हवेवरची पिनगन: टोकाची सेफ्टी बांधून काम करणं थांबवा

मखरवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर आम्ही रहिवासीच बनवतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून प्लाय, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि पाइनच्या पट्ट्यांवर काम चालतं. यंदा वर्गणीतून २४ लिटरचा कॉम्प्रेसर आणि एफ-३० घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ही हवेवर चालणारी पिनगन. १० ते ३० मिलिमीटर लांबीच्या, १८ गेजच्या बारीक पिना मारते (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी पिन बारीक). हातोडीने जी पट्टी लावायला दहा मिनिटं जायची ती अर्ध्या मिनिटात बसते.

दाखवायला ओळखीतले एक मिस्त्री आले. हात अतिशय सफाईदार. पण आल्या आल्या त्यांनी गनच्या नाकाशी असलेली सरकती पट्टी मागे ओढली आणि बाइंडिंग वायरने बांधून टाकली. ही पट्टी लाकडावर दाबली गेल्याशिवाय पिन सुटत नाही, ती त्यासाठीच असते. "मधे मधे येते, सगळे बांधतात," असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर मी वायर कापली. आता कमिटीत दोन तट पडलेत. अर्ध्या लोकांना वाटतं, मिस्त्रीला जास्त कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. बांधलेली गन म्हणजे ट्रिगरला बोट लागलं की पिन हवेत. आमच्या मंडपात एका वेळी पाच-सहा जण काम करतात, मुलं पायात घोटाळत असतात. अशी गन तिथे नको म्हणजे नको.

जाणकारांना विचारायचंय: प्रेशर किती ठेवायचं, मोकळा हात कुठे ठेवायचा, पिन अडकली तर काढायची कशी, आणि सेफ्टी बांधण्याला खरंच काही सबळ कारण असतं का?

नुसताच_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याही मंडळात हीच गन आहे आणि हीच वायरही.

चाकणचा_पॅलेटवाला

तुम्ही वायर कापलीत ते शंभर टक्के बरोबर केलंत.

आमचं पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं काम आहे. तिथे कॉइल नेलर (गुंडाळीतले खिळे मारणारी गन) चालतात, ५० ते ६५ मिलिमीटरचे खिळे, तुमच्या पिनेपेक्षा कितीतरी जाड. पण आतली करामत तीच. बॉडीत दाबलेली हवा भरलेली असते. ट्रिगर ओढला की वरची झडप उघडते, हवा पिस्टनला खाली लोटते, पिस्टनला जोडलेलं पातं खिळ्याला ठोकतं. हवेला समोर लाकूड आहे की बोट आहे हे कळत नाही. ते पाहणारी एकच गोष्ट त्या गनमध्ये आहे, ती म्हणजे नाकावरची पट्टी.

आता ट्रिगरचं. यात दोन मुख्य प्रकार. एकात आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तसंच. याला सीक्वेन्शियल म्हणतात. दुसऱ्यात ट्रिगर ओढून धरायचा आणि नाक लाकडावर आपटत जायचं, प्रत्येक आपटीला एक खिळा. हा कॉन्टॅक्ट ट्रिगर. बहुतेक अपघात दुसऱ्या प्रकारात होतात, कारण खिळा सुटला की गन मागे उडी मारते, माणूस नकळत पुढे रेटतो, बोट ट्रिगरवर असतंच, आणि नाक पुन्हा टेकलं की दुसरा खिळा सुटतो. हा दुसरा खिळा कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

तुमची गन कुठली ते तपासा. पिना काढून टाका, मग हवा जोडा. नाक हवेत ठेवून ट्रिगर ओढा: काहीच व्हायला नको. ट्रिगर तसाच धरून नाक लाकडी तुकड्यावर दाबा. 'ठक्' झालं तर कॉन्टॅक्ट. आम्ही ही तपासणी रोज सकाळी प्रत्येक गनवर करतो. नाकाची स्प्रिंग भुशाने चिकटते, तेही तेव्हाच लक्षात येतं.

पटाशी

मी पिढीजात सुतार आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मिस्त्री उगाच बांधत नाही. व्हिनियरवर (वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर) त्या पट्टीचा ओरखडा उठतो आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. खाचेत, कोपऱ्यात, काचेच्या बीडिंगला ती पट्टी बसतच नाही, पिन नेमकी कुठे लागणार ते दिसत नाही. आणि दिवसभर प्रत्येक पिनेला दाबायचं म्हटलं की मनगट भरून येतं. बाहेर बसून 'वायर काढा' म्हणणं सोपं आहे. रोजंदारीवर वेळ मोजला जातो.

बाकी मंडपात बांधलेली गन नको हे मलाही मान्य. तिथे नवखे हात आहेत.

मखरवाला_डोंबिवली

@पटाशी, मनापासून धन्यवाद. कमिटीत कुणालाच हे कारण सांगता आलं नव्हतं.

चाकणचा_पॅलेटवाला

@पटाशी दादा, ओरखड्याला उपाय आहे. नाकावर बसणारी रबरी टोपी मिळते, बऱ्याच गनसोबत येतेही, लोक ती पहिल्या दिवशी हरवतात. नसेल तर नाकाखाली पातळ पुठ्ठा धरता येतो. अरुंद खाचेसाठी २३ गेजची पिन नेलर घ्या, तिचं नाक बारीक असतं. आणि मनगट भरून येत असेल तर हवा किंवा तेल कमी पडतंय का ते बघा. कामाआधी हवेच्या तोंडातून न्यूमॅटिक ऑइलचे (हवेवरच्या हत्यारांच्या तेलाचे) दोन-तीन थेंब सोडले की नाक आणि पिस्टन दोन्ही सुटसुटीत चालतात. साधं इंजिन ऑइल घालू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात.

वेळेचा मुद्दा मात्र मला पटत नाही.

डेकवाला_न्यूजर्सी

वेळेच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

इथे अमेरिकेत घरांचा सांगाडाच लाकडी असतो, त्यामुळे फ्रेमिंग नेलर म्हणजे बांधकामावरचं रोजचं हत्यार. आणि त्याच्या जखमाही रोजच्या. २००१ ते २००५ या काळात दरवर्षी सरासरी ३७,००० माणसं नेलगनच्या जखमा घेऊन इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आली. त्यातली सुमारे ४० टक्के कामगार नव्हती, घरी हौसेने काम करणारी होती. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी.

ओशा आणि नायोश या इथल्या दोन सरकारी संस्थांनी २०११ साली कंत्राटदारांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात नोंद आहे की कॉन्टॅक्ट ट्रिगरने इजा होण्याचा धोका सीक्वेन्शियलच्या दुप्पट आहे. त्याच पुस्तिकेत वेळेचा प्रयोगही आहे. १० अनुभवी सुतारांनी प्रत्येकी दोन सारख्या छोट्या लाकडी खोल्या बांधल्या, एक या ट्रिगरने, एक त्या. नुसत्या खिळे ठोकण्याच्या वेळात कॉन्टॅक्ट ट्रिगर १० टक्के वेगवान निघाला. पण मापं घेणं, कापणं धरून पाहिलं तर एकूण कामात हा फरक १ टक्क्याहूनही कमी. आणि ट्रिगर कुठला यापेक्षा हत्यार कुणाच्या हातात आहे यावर वेग जास्त अवलंबून होता.

@पटाशी, तुमच्या हाताची सफाई हाच तुमचा वेग आहे. तो वायरीने वाढत नाही.

पटाशी

हे आकडे माहीत नव्हते. रबरी टोपी उद्याच बघतो. मनगटाचं अजून पटलेलं नाही, पण तेल घालून पाहतो.

कोकणी_रातांबा

आमच्याकडे आंब्याच्या लाकडी पेट्या ठोकायला गावातली पोरं बसायची. तोंडात चुका (बारीक खिळे) धरायच्या, एका फटक्यात एक चूक आत. मे महिन्यात सगळ्या वाडीत तोच आवाज. आता पुठ्ठ्याचे बॉक्स आले आणि तो आवाज गेला. अवांतराबद्दल क्षमस्व.

ठोकाठोक_काकू

@कोकणी_रातांबा, अवांतर आवडलं. पण तोंडात चुका धरणं काही सुरक्षित नव्हतं हो! आमच्या आजोबांच्या हाताखालचा एक मुलगा ठसक्याबरोबर गिळून बसला होता.

मोकळ्या हाताबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझं छोटं वर्कशॉप आहे, मुलांचं फर्निचर बनवते. शिकायला येणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते: पिन जिथे मारायची तिथून दुसरा हात किमान एक फूट लांब. तुकडा त्याहून लहान असेल तर हाताने धरायचाच नाही, क्लॅम्प लावायचा. कारण पिन सरळच जाते असं नाही. प्लायच्या थरात, गाठीत, आधी मारलेल्या स्क्रूवर आपटली की ती वळते आणि बाजूने बाहेर येते. १८ गेजची पिन मिलिमीटरभर जाडीची, तिला वळायला कितीसा जोर लागतो? आणि नेमक्या त्याच बाजूला बोटं असतात, कारण कडा जुळल्यात का ते आपण बोटांनी चाचपत असतो.

तुमच्या मखराला हेच होणार बघा. १२ मिलिमीटरच्या प्लायच्या कडेत २५ किंवा ३० ची पिन मारायला गेलात आणि गन जराशी तिरकी झाली की पिन पृष्ठभागातून डोकावणार. आधी पेन्सिलने मधली रेघ मारा. पिन जरा आखूड घ्या, फेव्हिकॉल लावलेला असेल तर खरी पकड त्याचीच, पिन फक्त तो सुकेपर्यंत धरून ठेवते.

डेकवाला_न्यूजर्सी

+१. आणि पाइनमध्ये गाठी फार. गाठ दिसली की दोन इंच सरकून मारा.

जुगाडू_जळगाव

कॉम्प्रेसरचा आवाज फार होतो, शेजारी भांडतात. आमच्या शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ऑक्सिजनचं सिलिंडर असतं. रेग्युलेटर लावून त्यावर गन चालवली तर? प्रेशर तर भरपूर असतं.

चाकणचा_पॅलेटवाला

नाही. अजिबात नाही. कृपया हा प्रयोग कुणीही करू नये.

गनच्या आत तेल असतं. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले की ठिणगीचीही वाट बघत नाहीत, गन हातात फुटते. वेल्डिंगवाले ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावत नाहीत ते याचसाठी. गॅसचं कुठलंच सिलिंडर नको. ही गन फक्त कॉम्प्रेसरच्या हवेसाठी बनलेली आहे, कंपन्यांच्या माहितीपत्रकातही हेच असतं. शिवाय सिलिंडरमधला दाब गनच्या दाबाच्या कित्येक पट असतो, रेग्युलेटर बिघडला तर सगळा गनवर येणार.

जुगाडू_जळगाव

बापरे. बरं झालं विचारलं. कॉम्प्रेसरखाली रबरी चटई टाकतो आणि दुपारी दोन ते चार बंद ठेवतो.

अस्थिवैद्य

धागा उशिरा पाहिला. हातात खिळा घुसलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि निम्म्यांनी तो घरीच पकडीने उपटलेला असतो. त्याबद्दल लिहितो.

खिळा उपटू नका. पिना आणि खिळे एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यांच्यावर गोंदाचा लेप असतो. तारेने जोडलेल्या कॉइलच्या खिळ्याला तारेचे तुकडे काट्यासारखे चिकटून राहतात. ओढताना ते कंडरा आणि नसा फाडत येतात. आत गेलेला कचरा दिसत नाही, आठवड्याने पू होतो. हाडात किंवा सांध्यात गेला आहे का हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि बोटाच्या सांध्यात जंतू गेले तर ते बोट कायमचं आखडू शकतं. बाहेरून पाहिलं तर टाचणीएवढं भोक असतं, म्हणून लोक हळद दाबून कामाला लागतात.

अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. हात स्थिर ठेवा, उंच धरा, रक्त येत असेल तर खिळ्याच्या आजूबाजूला स्वच्छ कापडाने दाबा, खिळ्यावर नाही. बोट लाकडाला खिळलं असेल तर लाकडाचा तुकडा कापून त्यासकट आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून सांगा. डोळ्यात गेला असेल तर हात लावू नका, चोळू नका, वरून कागदी कप उलटा ठेवून झाका आणि १०८ ला फोन करा.

डोळ्यांसाठी बाजूनेही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घाला. नंबरचा चष्मा पुरत नाही. आणि शेजारी पट्टी धरून उभा राहणाऱ्यालाही हवा, तो कायम विसरला जातो. कानांना इअरप्लग.

ठोकाठोक_काकू

डॉक्टर, हे छापून भिंतीला लावते आहे.

अस्थिवैद्य

जरूर. अजून एक राहिलं. अंगावरचा भुसा हवेच्या नळीने झटकतात, ते बंद करा. जखमेतून हवा कातडीखाली शिरते आणि भाग फुगतो.

नेपथ्य_आणि_मी

नाटकाचे सेट लावते. आमच्याकडे गन म्हणजे प्राण, कारण रात्री बारानंतर रंगमंच मिळतो आणि सकाळी तालीम असते. झोप नसलेल्या माणसाच्या हातात गन द्यायची नाही हा आमचा नियम. तो त्या रात्री फक्त मापं घेतो किंवा रंग लावतो.

मंडपासाठी महत्त्वाचं: फ्लॅटच्या (सेटच्या उभ्या प्लायच्या भिंतीच्या) मागे माणूस उभा असतो. ६ मिलिमीटरच्या प्लायमागे पट्टी नसेल आणि नेम चुकला तर पिन आरपार जाते. मागे कोण आहे हे बघितल्याशिवाय, मोठ्याने विचारल्याशिवाय मारायची नाही. दोघांनी समोरासमोर काम करायचं नाही. शिडीवर गन नळीने ओढून वर घ्यायची नाही. आणि चालताना ट्रिगरवर बोट नाही, हँडल धरायचं.

दुसरं, मखर दरवर्षी नवीन कशाला? जोड स्क्रू-बोल्टवर ठेवा, पिना फक्त सजावटीच्या पट्ट्यांना. उतरवताना पिनांची टोकं बाहेर राहतात आणि विसर्जनाच्या गडबडीत अनवाणी पायांत जातात.

मखरवाला_डोंबिवली

बोल्टचा मुद्दा कमिटीपुढे ठेवतो. साठवायला जागा नाही हे उत्तर येईल, तरी ठेवतो.

पुणेरी_गुण्या

मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात गन देऊ नका, पावतीपुस्तक द्या. दोन्हीचा नेम बरोबर बसेल.

मखरवाला_डोंबिवली

हाहा, अध्यक्ष हा धागा वाचतायत! प्रेशर आणि अडकलेली पिन राहिली आहे. कुणी सांगेल का?

चाकणचा_पॅलेटवाला

एफ-३० साठी साधारण ६० ते १०० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). सुरुवात ६० ने करा, टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. पिन वर राहिली तर पाच-पाचने वाढवा. पुरेशी बसली की थांबा. जास्त दाबाने पिन चांगली बसत नाही, फक्त पातळ लाकडातून पलीकडे जाते आणि गन जास्त उडते. गनवर लिहिलेली कमाल मर्यादा कधीच ओलांडायची नाही. कॉम्प्रेसरचा टाकीचा काटा वेगळा, रेग्युलेटरचा काटा वेगळा. बघायचा तो रेग्युलेटरचा.

अडकलेली पिन: आधी नळी काढा. ट्रिगर सोडून ठेवणं पुरेसं नाही, कॉम्प्रेसर बंद करणंही पुरेसं नाही, टाकीत हवा असतेच. नळी गनपासून सुटली पाहिजे. मग पिनांची पट्टी काढा, नाकाचं झाकण उघडा, पकडीने पिन काढा. पिना भरतानाही नळी काढूनच.

यात एक गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. क्विक कप्लरचा (नळी आणि गन झटकन जोडायच्या सांध्याचा) फिमेल भाग, ज्यात झडप असते, तो नळीच्या टोकाला हवा. गनला मेल भाग, जो आरपार मोकळा असतो. म्हणजे नळी काढली की गनमधली हवा फुस्सकन निघून जाते. काही जण उलटं बसवतात. मग नळी काढली तरी झडप गनमधली हवा कोंडून ठेवते आणि हातात धरलेली 'बंद' गन आणखी एक पिन मारते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात असंच एकाच्या तळहातातून पिन गेली. नळी काढल्यावर फुस्स आवाज आला नाही तर ती गन वापरू नका, आधी कप्लर बदला.

पटाशी

हे मात्र सोन्यासारखं. माझ्या दोनपैकी एका गनला फुस्स होत नाही. आत्ता जाऊन पाहिलं.

चाकणचा_पॅलेटवाला

मग ती गन आज बाजूला ठेवा दादा. मेल प्लग स्वस्तात मिळतो, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवायचा.

सोफावाला_उल्हासनगर

एक जोडतो. आमच्या गादीकामाच्या बऱ्याच स्टेपलरना नाकावर सेफ्टी नसतेच, मुळात. ट्रिगर ओढला की पिन. त्यामुळे 'नाक दाबल्याशिवाय सुटत नाही' या भरवशावर दुसऱ्याची गन उचलू नका. आधी बघा.

मखरवाला_डोंबिवली

काल कमिटीची बैठक झाली. वायर परत लागणार नाही हे ठरलं, डेकवालांनी दिलेला तो १ टक्क्याचा आकडा कामी आला. गन तिघांनीच चालवायची, तिघांना चष्मे घेतले. आमचा कप्लर बरोबर निघाला, फुस्स आवाज येतो. मिस्त्रींनाही रबरी टोपी नेऊन दिली, ते म्हणाले लावून बघतो.

आता उरला प्रश्न मुलांचा. नववी-दहावीतली मुलं रोज विचारतात, एकदा तरी मारू द्या. आपण समोर उभं राहून एक-दोन पिना मारू द्याव्यात का?

ठोकाठोक_काकू

नको. तुम्ही समोर उभे असलात तरी पिन सुटते तेव्हा तुमचा हात पोचत नाही. त्यांना हातोडी, खिळे आणि पाइनचा तुकडा द्या, खिळा सरळ मारायला शिकू द्या. माप घेणं, गुण्याने काटकोन तपासणं, पॉलिशपेपर मारणं, रंग ही खरी कामं आहेत, ती त्यांच्यावर सोपवा.

नेपथ्य_आणि_मी

काकूंना अनुमोदन. आणि जेवायला जाताना नळी काढून गन कुलपात ठेवा. मुलं त्याच वेळी येतात.

मखरवाला_डोंबिवली

मान्य. कुलपाची पेटी ऑफिसात आहे, तीच वापरतो. टाकीतलं पाणी रोज काढायचं ना?

चाकणचा_पॅलेटवाला

रोज, काम संपल्यावर. आधी दाब उतरवा, मग टाकीच्या तळाचा नळ हळूच उघडा, पावसाळ्यात पाणी जास्त निघेल. पाणी राहिलं तर टाकी आतून गंजते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढून बघा, हवा सुटली पाहिजे. नाही सुटली तर व्हॉल्व्ह बदलेपर्यंत कॉम्प्रेसर सुरू करू नका.